बिनसाखरेचा निवद

आईच्या वर्षश्राद्धाला कावळ्यासाठी पान वाढलं, त्यात चहाचा कप मी ठेवला, आणि तो चहा बिनसाखरेचा होता.

मुद्दाम केलं नाही. हाताची सवय. आईला मधुमेह निघाला तेव्हापासून तिचा चहा मीच करायचो, कारण या बाबतीत घरातल्या दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नव्हता. एकाच भांड्यात चहा उकळायचा, आधी आईचा कप गाळून घ्यायचा आणि मग उरलेल्यात साखर टाकायची. आई जाऊन वर्ष झालं तरी त्या दिवशी 'आईचा चहा' म्हटल्याबरोबर हातांनी आपलं काम चोख केलं. आधी गाळला. निवू नये म्हणून वर बशीसुद्धा झाकली. माझ्या दक्षतेचं मलाच कौतुक वाटत होतं.

आमच्याकडं रीत अशी, की गेलेल्या माणसाला जे जे आवडायचं ते सगळं पानात आलं पाहिजे. भात, आमटी, वडे, खीर हे कुणाच्याही पानात असतं. त्यापुढं ज्याची त्याची आवड. वडिलांच्या पानात विड्यांचं बंडल आणि काडेपेटी असायची. कावळा विडी पेटवणार कशी, असं मी लहानपणी विचारलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. हा निवद गच्चीवर ठेवायचा. कावळा शिवला, की गेलेलं माणूस जेवलं, तृप्त झालं. मगच घरच्यांनी पानावर बसायचं. तोवर पाण्याशिवाय कुणी तोंडात काही घालायचं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कावळा अन्न बघून येतो, आत्मा बघून नाही, हे मी दरवर्षी नववीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून सांगतो. तरी त्या दिवशी सकाळपासून मी तीनदा गच्चीवर जाऊन कावळे आहेत का बघून आलो होतो. त्याला कारण होतं. तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाला आईचा घास ठेवला, तेव्हा कावळा लगेच शिवला होता. सगळ्यांनी बघितला. फक्त मी नाही. मी त्या वेळी पंचगंगेच्या घाटाजवळ गाडी लावायला जागा शोधत होतो. जागा सापडली, पळत आलो, तर लोक परत निघालेले. आईचा एकुलता एक लेक, आणि नेमका तोच नाही. तेव्हापासून मनात एक खडा टोचत होता. आईनं माझी वाट बघितली नाही, की मी नाही हे बघूनच उरकून घेतलं? दुसरं खरं असेल, तर ती माझ्यावर रागावूनच गेली. म्हणून या वेळी कावळा माझ्या डोळ्यांदेखत शिवायला पाहिजे होता. नववीचं विज्ञान गेलं खड्ड्यात.

रागवायला मी तिला कारणंही भरपूर दिली होती.

आईच्या आवडी सगळ्या मुठीत मावणाऱ्या. बशीत ओतून प्यायचा चहा, तोही पाकासारखा गोड. त्यात बुडवायला बटर. बटर म्हणजे लोणी नव्हे. बेकरीत मिळतं ते जिऱ्याचं, गोल, कडक बटर, जे चहात भिजल्याशिवाय दाताला दाद देत नाही. संध्याकाळी दूधकट्ट्यावर गवळी म्हशीची धार थेट पेल्यात काढून देतात, त्या दुधावरचा फेस. लहानपणी ती मला तिथं घेऊन जायची. दूध मला द्यायची आणि फेस आपण घ्यायची, आणि मग ओठांवर पांढरी मिशी घेऊन तशीच घरापर्यंत यायची. टीव्हीवरची कुस्ती. ती बघताना आई महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या पैलवानांना एकेरीत झापायची. "अरं पट काढ की! बघत काय बसलाईस, पावणा आलाय व्हय घरात?" आणि उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीसाठी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या, की त्या हलवायला जाणं.

यातल्या मिरच्यांच्या आवडीचा संशय मला फार उशिरा आला. माणूस मिरच्या दिवसातून हलवून हलवून किती वेळा हलवेल? आई नाश्ता झाला की वर, दुपारचा डोळा लागून उठली की वर. गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणारी बाई गच्चीचा जिना कुरकुर न करता चढत होती. मला वाटलं, व्यायाम होतोय, शुगरला चांगलं. डॉक्टरांनाही मी हे अभिमानानं सांगितलं होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी जिन्यात मुंग्यांची रांग दिसली. परीक्षेला कॉपी पकडण्यात आमच्या शाळेत माझा हात धरणारं कुणी नाही. पोरगं कुठल्या बाजूला झुकतंय यावरून चिठ्ठी कुठल्या मोज्यात आहे ते मी सांगतो. मी रांगेच्या मागं मागं गेलो. जिना संपला, गच्ची लागली, मिरच्या ओलांडल्या, रांग पाण्याच्या टाकीमागं वळली. टाकीमागच्या सावलीत बटराचा चुरा होता आणि चुऱ्यापाशी आई होती. मांडीवर अख्खा पुडा.

"काय चाललंय?" मी.

"मिरच्या हलवाय आलोय."

"मिरच्या तिकडं आहेत."

"मग? दमल्यावर सावलीला बसू न्हाय व्हय माणसानं?"

मी पुडा जप्त केला. हो, जप्त हाच शब्द. वर मधुमेहावर भाषणही दिलं, स्वादुपिंडापासून सुरुवात करून. आई भांडली नाही. मान तिरकी करून माझ्याकडं बघत राहिली आणि भाषण संपल्यावर म्हणाली, "मास्तर, तुमची शाळा सुटत न्हाय वाटतं कवा?"

पुढच्या आठवड्यात ती झोपेत गेली. साखरेनं नाही, हृदयानं, असं डॉक्टर म्हणाले. पुडा माझ्या कपाटात तसाच राहिला. खाववेना आणि टाकवेना. शेवटी मुंग्यांनीच त्याचा निकाल लावला, तेव्हा मात्र मी त्यांच्या मागं गेलो नाही.

तर वर्षश्राद्धाची सकाळ. गच्चीच्या मधोमध पाट, पाटावर केळीचं पान, पानाशेजारी झाकलेला चहा. मी जवळच उभा. माझ्यामागं माणसं मोजकीच. कागलहून आलेले बहीण आणि दाजी. गडहिंग्लजची मावशी, म्हणजे आईची पाठची बहीण, जी पहिल्या एसटीनं येऊन जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली होती. बायको वर-खाली करत होती. बायको सासूला आत्ती म्हणायची, आणि अजूनही आईचं काही बोलायचं झालं की "आत्तींना हे चालत नाही" असं, चालू काळातच बोलते.

कावळे होते. शेजारच्या शेवग्यावर बसून आमच्याकडं बघत होते. पण येत नव्हते.

पंधरा-वीस मिनिटं गेली. दाजींनी घड्याळ बघितलं. दाजी सहाला घरातनं निघालेले, पोटात पाण्याशिवाय काही नाही. "पावणं," ते म्हणाले, "तुमच्या गल्लीतल्या कावळ्यांचा उपास हाय का काय आज?"

"थांबा जरा, येतील," मी म्हणालो.

"येतील वो. पर आमी असताना आलं तर बरं हुईल."

बहिणीनं त्यांना कोपरानं ढोसलं. मावशी खुर्चीतून पानाकडं निरखून बघत होती. ती मला लहानपणापासून तम्मा म्हणते. तिकडं कर्नाटकाच्या सीमेवर धाकट्या पोराला अशीच हाक मारतात. पन्नाशी ओलांडली तरी मी तम्माच.

"तम्मा, पानात काय काय ठेवलंयस रं?"

मी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. भात, आमटी, वडे, खीर, गवारीची भाजी, लिंबाची फोड. "आणि चहा. आईला चहा लागायचाच."

"साखर घातलीयास न्हवं?"

गृहपाठ न केलेली पोरं वर्गात जशी जमिनीकडं बघतात, तसा मी फरशीकडं बघायला लागलो. इतकी वर्षं त्या पोरांना मी 'वर बघ' म्हणत आलो. वर बघणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं.

"आगं बया!" मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "मेल्यावरबी पथ्य?"

दाजींना हसू आवरेना. "मावशी, शुगर वाढंल म्हणून भ्यालंत ते. उद्या तपासायला रगात कुठनं काढणार, त्येचाबी इचार केला आसंल."

बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं, पाटाजवळ येऊन तो कप उचलला आणि ती खाली गेली.

चहा येईपर्यंत मावशीला कंठ फुटला. "आक्काला तू लईच उपाशी मारलास बघ," ती म्हणाली, आणि मग स्वतःच खुदकन हसली. "म्हंजे तुला तसं वाटायचं."

"म्हणजे?"

"खोकल्याचं औषध द्यायचास न्हवं तिला? तपकिरी बाटलीतलं?"

द्यायचो की. आईला जुनाट खोकला होता. औषधाची बाटली माझ्याच कपाटात असायची, आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे मी स्वतः मोजून तिच्या तोंडात घालायचो. आई डोळे गच्च मिटून, तोंड वाकडं करून गिळायची. "कडू जहर हाय रं," म्हणायची. मी म्हणायचो, "औषध कडूच असतं." बाटली संपत आली की मावशी गडहिंग्लजहून नवीन आणायची. तिकडच्या डॉक्टरचा गुण येतो, असं आईचं म्हणणं होतं.

"काकवी असायची ती," मावशी म्हणाली. "गुऱ्हाळावरची. औषधाची रिकामी बाटली धुवायची आन भरायची."

उसाचा रस कढवताना गूळ व्हायच्या आधी जो पातळ, मधासारखा पाक निघतो, ती काकवी. ती मी माझ्या हातानं, चमच्यानं मोजून, मधुमेही आईला दिवसातून दोनदा पाजत होतो. एखाद्या दिवशी ती विसरली, तर मागं लागून पाजत होतो. बाटलीवर लेबल होतं, आणि मी लेबल वाचणारा माणूस. बाटलीत काय आहे ते बघायची मला कधी गरज वाटली नाही.

"तोंड का वाकडं करायची मग?" मी विचारलं.

"हसू यायचं तिला. डोळं उघडं ठेवलं तर तुझ्या तोंडाकडं बघून हसू फुटंल, म्हणून गच्च मिटायची. मला फोन करून सांगायची की सगळं. म्हणायची, आज मास्तरनं एक चमचा जास्तीचा दिला, खोकला लई हाय म्हणून."

बहीण तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. दाजींनी तर सरळ मान हलवली. कागलपर्यंत बातमी पोचली होती. फक्त बाटली ज्याच्या कपाटात होती त्याच्यापर्यंतच नाही.

तेवढ्यात शेवग्यावरनं एक कावळा उठला आणि कठड्यावर येऊन बसला. कावळ्यानं पानाकडं बघितलं. मग मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. ती मान तिरकी करायची तऱ्हा थेट आईची. मी नकळत एक पाऊल पुढं टाकलं. कावळा उडाला.

"आता काय तर मनात ऱ्हायलंय तिच्या," मावशी म्हणाली. "हात जोड आन कबूल कर काय ते. तोंडानं बोल."

हीही रीतच. कावळा शिवेना तर घरच्यांनी पुढं होऊन सांगायचं, तुझी अमुक इच्छा पुरी करतो, निवांत जा. मी हात जोडले. घसा साफ केला. आयुष्यभर वर्गात बोललो, पण त्या तीन माणसांसमोर आणि एका पानासमोर बोलताना नको ती भाषा बाहेर आली. "आई, यापुढं तुझ्या खाण्यापिण्याच्या बाबतीत माझ्याकडून कोणत्याही प्रकारची आडकाठी होणार नाही. झाल्या प्रकाराबद्दल..."

"पावणं," दाजी हळूच म्हणाले, "ही काय शाळेची नोटीस हाय व्हय?"

मी थांबलो. खरं तर मला एवढंच म्हणायचं होतं, की एकदा ये, मला दिसशील अशी ये. पण ते चारचौघांत म्हणायला धीर होत नव्हता, आणि विज्ञानाच्या मास्तरनं तर कसं म्हणायचं?

बायको वर आली. एका हातात वाफाळता चहा, दुसऱ्या हातात बशी आणि बशीत दोन बटरं. बटरं कधी आणली, कुठं ठेवली होती, मला पत्ता नव्हता. स्वयंपाकघरातला एकूण एक डबा मला पाठ आहे असा माझा समज होता. तिनं पाटापाशी वाकून चहा बशीत थोडा ओतला, एक बटर त्यात अर्धं बुडवलं, एक कोरडं बाजूला ठेवलं, आणि पदरानं हात पुसत उभी राहिली. ते तिचं करणं इतकं सराईत होतं, की हे ती आज पहिल्यांदा करत नाही हे मलासुद्धा कळलं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

आणखी दहा मिनिटं गेली. कावळे शेवग्यावर दोनाचे पाच झाले. एक-दोन येऊन कठड्यावर बसून गेले. मी डोळ्यांची पापणी लवू न देता बघत होतो.

मग बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जरा खाली जा."

"मी?"

"तुम्हीच."

"मी मुलगा आहे. मी इथं नको?"

"म्हणूनच म्हणते. आत्तींनी तुमच्यासमोर कधी गोड तोंडात घातलंय का? आता घालतील?"

मावशी म्हणाली, "खरं हाय बाई. जा तम्मा, जा."

बहिणीकडं बघितलं, ती पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. दाजींनी तर मला वाट करून द्यायला अंग चोरलं. म्हणजे ठराव एकमतानं मंजूर. मला सांगायचं होतं, की घाटावरही मी नव्हतो, हे एकदाच बघायला वर्षभर थांबलोय. पण कठड्यावर तो मघाचा कावळा पुन्हा येऊन मान तिरकी करून बसला होता, आणि तो पानाकडं बघत नव्हता, माझ्याकडंच बघत होता. कधी जातोय हा, असं.

मी गेलो. जिना उतरताना मुद्दाम चपला वाजवत उतरलो, ऐकू जावं म्हणून. आई टाकीमागं सापडली त्या दिवशी मी चपला काढून, पाय न वाजवता चढलो होतो.

स्वयंपाकघरात ओट्यावर मघाचा बिनसाखरेचा कप होता. करायचं काही नव्हतं म्हणून तो उचलला; मग आठवलं, कावळा शिवल्याशिवाय काही घ्यायचं नाही, म्हणून परत ठेवला. साखरेचा डबा उघडाच होता, त्यात चमचा उभा खोचलेला. मी झाकण लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला. राहू दे उघडा. एक दिवस राहू दे.

तेवढ्यात वरून दाजींचा आवाज आला, गल्लीला ऐकू जाईल असा. "शिवला! शिवला! चला, पानं घ्या!"

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचलो, तर गच्चीत कावळा नव्हता. बशीतला चहा पाटावर सांडला होता, भात जरा विस्कटला होता. मावशी डोळ्यांना पदर लावून हसत होती. सगळे जिन्याकडं निघालेले. घाटावर होतं तसंच, फक्त या वेळी गाडी लावायचं निमित्तही नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण खाली येऊन पानावर बसलो आणि मावशीनं माझ्या पानात खीर वाढताना "घे, ही काकवीच हाय समज," म्हटलं, तेव्हा मी इतका हसलो की ठसका लागला, आणि दाजींनी पाठीवर थापट्या मारत विचारलं, खोकल्याचं औषध आणू का?

दुपारी सगळे गेले. मावशीला स्टँडवर सोडून आलो. बायको मोरीत भांडी विसळत होती, मी पुसून मांडत होतो. एक ताट पुसता पुसता विचारलं, "खरंच शिवला ना? की दाजींना भूक लागली होती म्हणून?"

"शिवला की. मी बघितलं."

"आधी काय घेतलं?"

बायकोनं पातेलं उपडं घातलं, हात झटकले आणि म्हणाली, "कोरडं बटर. उचललं, एकदा जिन्याकडं बघून घेतलं, आणि टाकीमागं घेऊन गेला. आता उद्या जिन्यात मुंग्या दिसल्या तर दिसू देत. तुम्ही वर जाऊ नका."